पोळपाटावरचा निकाल

आमच्या मजल्यावर दर रविवारी सकाळी कोर्ट भरायचं. न्यायाधीश खानविलकर काका, कोर्टाची जागा मुकादम चाचीची बाहेरची खोली आणि काकांच्या हातातला हातोडा म्हणजे चाचीचंच लाटणं. ते लाटणं काका उपड्या पोळपाटावर तीनदा आपटायचे आणि म्हणायचे, "ऑर्डर, ऑर्डर!" सगळे हसायचे. मीही हसायचे. पन्नाशी उलटली तरी ते हसणं आठवलं की माझं डोकं तापतं. नातवंडांच्या वयाची पोरं हल्ली मोबाईलवर मालिका बघून कोण चांगला नि कोण वाईट यावर भांडत असतात, तेव्हा मी तिथून उठून जाते. सूनबाईला वाटतं, मला आवाजाचा त्रास होतो.

नेरूळला सिडकोच्या चार मजली इमारतीत आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहत होतो. समोरासमोर चार दारं, आणि रविवारी चारही उघडी. कुणाच्या कुकरची शिट्टी, कुणाचा मिक्सर, लांबून उरणच्या रस्त्यावरच्या ट्रेलरची घरघर. मुकादम चाचीचा नवरा मस्कतला होता, त्यामुळे मजल्यावरचा एकमेव मोठा रंगीत टीव्ही तिच्याकडे. चाची मूळची अलिबागकडची, हाताला चव अशी की तिचे घावन खायला आम्ही मालिकेच्या अर्धा तास आधीच जाऊन बसायचो. खानविलकर काका मंत्रालयात हेडक्लार्क. त्यांच्याकडे टीव्ही नव्हता, मतं मात्र ढीगभर होती. आणि उंबऱ्यावर बसायची सारसोळ्याची हिराबाई. मासे विकून झाले की पाटी बाहेर जिन्यात ठेवायची, वास आत येऊ नये म्हणून. वास यायचाच.

मालिका तुरुंगावरची होती. सात नंबरची बराक, तिच्यातले कैदी, एक कडक जेलर, एक मवाळ हवालदार. चालू असताना कुणी बोलायचं नाही, जाहिरातीत खाऊन घ्यायचं. भाग संपला की चाची आवाज बंद करायची, काका त्या दिवशीचा प्रश्न मांडायचे, दोन्ही बाजूंनी भांडण व्हायचं, मग लाटणं वाजायचं आणि हात वर. हरणाऱ्या बाजूनं सगळ्यांच्या कपबशा विसळायच्या. एकदा हवालदारानं तापानं फणफणलेल्या कैद्याला नियम मोडून स्वतःच्या घरची चादर दिली. काका म्हणाले, "तत्त्व म्हणजे तत्त्व. आज चादर दिली, उद्या किल्ली देईल." चाची म्हणाली, "काका, तुमच्या अंगात ताप असता ना, तर किल्लीपण मागितली असतीत." हिराबाई उंबऱ्यावरून म्हणाली, "थंडी काय नियमाला वाजतं? मानसाला वाजतं." तरी काका जिंकले. लोक काकांच्या बाजूनं हात वर करायचे, कारण काका चांगलं बोलायचे, आणि कडक मत दिलं की आपण सज्जन ठरतो असं सगळ्यांना वाटायचं. मी हे तेव्हाच ओळखलं होतं. ओळखूनही मी हात त्यांच्याच बाजूनं वर करत होते, म्हणून राग माझाही येतो.

कारण त्या खोलीत एक गोष्ट फक्त मला आणि आईला माहीत होती. माझे बाबा तेव्हा खरोखरच तुरुंगात होते. ठाण्याला.

बाबा एका क्लिअरिंग एजंटकडे क्लार्क होते. न्हावा शेव्याला माल उतरला की त्याचे कागद या खिडकीतून त्या खिडकीत न्यायचे, सह्या घ्यायच्या, सह्या करायच्या. एका कंटेनरच्या कागदांवर यंत्राचे सुटे भाग लिहिले होते, आणि उघडला तेव्हा आत भलतंच निघालं. सही बाबांची होती. माल कुणाचा हे शेठला माहीत होतं, आणि शेठला माहीत होतं हे बाबांना माहीत होतं. पोलीस यायच्या आदल्या दिवशी शेठ आमच्या घरी आला, आमच्याच लोखंडी खुर्चीत बसला आणि म्हणाला, "जाधव, थोडे महिने तू निभावून ने. वकील माझा. तुझं घर ते माझं घर." बाबांनी मान डोलावली. त्यांच्या चेहऱ्यावर भीती असेल असं तुम्हाला वाटेल. भीती नव्हती. एवढ्या मोठ्या माणसानं आपल्यावर भरवसा टाकला, याचा आनंद होता. तो आनंदी चेहरा मी अजून बाबांना माफ केलेला नाही.

आईनं शेजारी सांगितलं, कंपनीच्या कामासाठी कांडल्याला गेलेत, गुजरातेत. शेठचा माणूस दर महिन्याला तांदळाची गोणी नि तेलाचा डबा आणून टाकायचा. शेजाऱ्यांना वाटे, काय चांगली कंपनी आहे! त्या तांदळाचा भात मोकळा, लांब दाण्याचा, घमघमीत वासाचा व्हायचा. इतका चांगला तांदूळ बाबा घरी असताना आम्ही कधी खाल्ला नव्हता. आई स्वतःसाठी मात्र भाकरी टाकायची. भात बाधतो म्हणायची.

आम्ही बौद्ध, खेडकडचे. घरात रोज सकाळी पंचशील म्हणायची आईची सवय. चौथं शील खोटं न बोलण्याचं. तिथं आली की आईचा आवाज बारीक व्हायचा, पुढं पुढं तर नुसते ओठ हलायचे. मग तिनं विहारात जायचं बंद केलं. लोक विचारायचे म्हणून नव्हे. तिथं सगळ्यांबरोबर मोठ्यानं म्हणावं लागतं म्हणून.

तरीही ती चाचीकडे मालिका बघायला यायची. न येऊन चाललं नसतं, लोकांनी विचारलं असतं. पण खरं कारण मला नंतर समजलं. तिला तुरुंग आतून बघायचा होता. तिनं बघितलेला तुरुंग म्हणजे फक्त मुलाकातीची जाळी. दर शनिवारी दोन बस बदलून आम्ही ठाण्याला जायचो, चिठ्ठीवर नाव लिहून द्यायचो, तासन्‌तास उन्हात बसायचो. मग एका लांबट खोलीत दुहेरी जाळीच्या अलीकडे आम्ही चाळीसेक बायकापोरं आणि पलीकडे आमची माणसं. सगळे एकदमच बोलायचे, म्हणून सगळ्यांना ओरडावं लागायचं. आई बाजूला बघून ओरडायची, "जेवता का नीट?" बाबा ओरडायचे, "हो!" तेवढ्यात घंटा. मालिकेत मात्र बराकीत सूर्याची तिरीप यायची, कैदी एकमेकांना गोष्टी सांगायचे. आई शेंगा निवडत बसायची आणि ते डोळे फाडून बघायची. बाबा कुठे झोपत असतील, ते ती त्या खोट्या बराकीत शोधत होती.

त्या कैद्यांमध्ये एक मास्तर होता. शाळेच्या संस्थेच्या अध्यक्षानं केलेली अफरातफर त्यानं आपल्यावर घेतली होती. अध्यक्षाचं नाव घेतलं तर सुटेल, पण घेत नव्हता. कोर्टात या मास्तरवरून दोन महिने भांडण चाललं होतं. चाची म्हणायची येडा आहे. काका म्हणायचे, निष्ठा म्हणून काही असते. आई कधीच बोलायची नाही. हात मात्र प्रत्येक वेळी शेंगांच्या सुपात.

त्या रविवारी मास्तरची बायको त्याला भेटायला आली. एक शांत, रिकामी खोली. मागं व्हायोलिन. तिनं स्टीलचा डबा उघडला, पुरणपोळीचा तुकडा मोडला आणि गजांतून त्याच्या तोंडात भरवला. चाची पदरानं डोळे पुसत होती. भाग संपला, आवाज बंद झाला आणि काकांनी प्रश्न मांडला, "मास्तरची बायको चूक की बरोबर?"

"बरोबर," चाची म्हणाली. "बायको आहे. जाणार नाय तर काय करेल?"

"इथंच तर चुकतं," काका पुढे सरसावले. "नवरा चोराला पाठीशी घालतोय, तिला ठाऊक आहे. आणि ही त्याला पुरणपोळ्या भरवतेय! अशा बायकांमुळेच ही माणसं सोकावतात. मी सांगतो तुम्हाला, ज्याच्या घरातला माणूस जेलात जातो ना, त्या घरातच काहीतरी असतं. तुमच्याआमच्या घरातलं कुणी का नाही जात?"

चौघांनी माना डोलावल्या. आईनं शेंगेची शीर ओढली, ती मधेच तुटली. आणि माझ्या डोक्यात काय शिरलं कोण जाणे.

"डबा आत नेऊच देत नाहीत," मी म्हणाले.

"काय?"

"स्टीलचा डबा. दारातच काढून ठेवतात. भाकरीपण मोडून बघतात, तुकडे तुकडे करतात. आणि असं शांत नसतं तिथं. दोन जाळ्या असतात. हात पोचत नाही. कोण कुणाला भरवणार?"

"तुला गं काय माहीत?" काका हसून म्हणाले. "उगाच मोठ्या माणसांत काय वाटेल ते बोलू नये."

मी तोंड मिटलं, पण उशीर झाला होता. काय केलं मी, एवढंच डोक्यात घुमत होतं. समोर पडद्यावर आवाज बंद केलेली बाई साबणाच्या फेसात हसत होती. मी आईकडे बघितलं. मला वाटलं, ती म्हणेल, पुस्तकात वाचलं असेल हिनं. एवढंच म्हणायचं होतं. सगळ्यांनी मानलं असतं.

आईनं सूप बाजूला ठेवलं. "खरं आहे तिचं. आम्ही दर शनिवारी जातो. हिचे वडील कांडल्याला नाहीत. ठाण्याला आहेत, जेलात."

"या अल्ला," चाची पुटपुटली.

काका त्या वेळी उठून निघून गेले असते तर मी त्यांना माफ केलं असतं. लोक घाबरतात, लाजतात, जातात. काका गेले नाहीत. ते खुर्चीत पुढे आले. त्यांचे डोळे, मालिका रंगात आल्यावर चमकायचे तसे चमकत होते. "काय केलं जाधवांनी?" त्यांनी विचारलं. आईनं चार वाक्यांत सांगितलं. कंटेनर, सही, शेठ, तांदूळ. आणि काका मांडीवर थाप मारून म्हणाले, "म्हणजे हुबेहूब मास्तर!"

मग सुरूच झालं. मला एकेक वाक्य आठवतं. सही करताना वाचायला नको? मास्तर निदान शिकलेला होता. शेठ धान्य पोचवतोय ना, मग हा सौदाच झाला की! आणि त्या गोणीवर हे मजेत जेवतायत. पोरीच्या लग्नाचं काय होणार आता? कुणी वाईट बोलत नव्हतं हो. सगळे अगदी मनापासून, दोन्ही बाजूंचा विचार करून बोलत होते, जसे दर रविवारी बोलायचे. माझे बाबा पडद्यातून उतरून त्यांच्या पुढ्यात पडले होते, आणि मी नि आई दोन हातांवर बसलेलो असताना ते त्यांना उलटसुलट करून बघत होते. आणि बोलता बोलता काकांचा हात सवयीनं लाटण्याकडे गेला.

चाचीनं झेप घालून लाटणं ओढून घेतलं. "काका, माझ्या घरात जित्या माणसाचा निकाल नाय लागायचा. उठा."

"राहू दे चाची," आई म्हणाली. तिचा आवाज मी त्याआधी कधी तसा ऐकला नव्हता. "होऊ दे ना. इतके दिवस मी सगळ्यांचं ऐकलं, एकदा माझंपण होऊ दे. वाजवा लाटणं, काका. विचारा. जाधवांनी शेठचं नाव घ्यावं की घेऊ नये?"

आता सगळे खाली बघत होते. मग आईनंच हात वर केला. बोटांना शेंगांच्या शिरा चिकटलेल्या होत्या. "घ्यावं," ती म्हणाली. उंबऱ्यावरून दुसरा हात वर आला. "मना बी मत हाय ना?" हिराबाई म्हणाली. "घ्यावं त्यानं. घरची चूल कोन पेटवतं, त्याचं ऐकाला पायजे." मग चाचीनं लाटण्यासकट हात वर केला.

मी नाही केला. मी बाबांची होते. गप्प राहण्यात काहीतरी मोठेपणा आहे, असं मला वाटत होतं. रविवारच्या त्या कोर्टानंच मला ते शिकवलं होतं. आईच्या बाजूनं सगळे मिळून तीनच हात वर होते आणि तिची सख्खी मुलगी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसली होती. काकांवर मी आयुष्यभर दात खाल्ले, पण त्या दोन हातांचं काय करू? त्या दिवशी कपबशा चाचीनं एकटीनं विसळल्या.

पुढची गोणी आली तेव्हा आईनं ती दारातच अडवली. शेठचा माणूस खांद्यावरून उतरवून केव्हाच जिना उतरू लागला होता. आईनं गोणी धरली आणि पायरी पायरीवरून ओढत तिन्ही मजले खाली नेली. एका कोपऱ्याला फाटून तांदूळ सांडत गेला. गोणी धपधप वाजत होती. काकांचं दार तेवढ्यापुरतं बंद झालं. संध्याकाळपर्यंत जिन्यात चिमण्या होत्या.

त्या शनिवारी जाळीसमोर आई उभी राहिली आणि जीव खाऊन ओरडली, "तांदूळ परत केला मी! शेठचं नाव घ्या!" शेजारच्या बायका वळून बघू लागल्या. बाबांनी कानामागे हात धरला आणि मान हलवली. ऐकू येत नाही. आई पुन्हा ओरडली, "नाव घ्या!" आता आजूबाजूचे बोलायचे थांबले होते. चाळीस माणसं ऐकत होती. बाबांनी पुन्हा कानाकडे बोट केलं, हसल्यासारखं केलं. तिसऱ्यांदा तिचा आवाज फाटला. घंटा झाली. दोन दिवस आईच्या गळ्यातून शब्द फुटत नव्हता. बसमध्ये ती खिडकीकडे तोंड करून बसली होती, आणि मी म्हणाले, "त्यांना ऐकूच नाही आलं गं, गोंधळ किती होता." तिनं माझ्याकडे नुसतं बघितलं.

बाबांनी नाव घेतलं नाही. थोडे महिने म्हणता म्हणता वर्षं गेली. शेठचा वकील येईनासा झाला, शेठनं दुसरा क्लार्क ठेवला. आई तुर्भ्याला एका कंपनीत पॅकिंगला लागली. पुठ्ठ्याच्या कडांनी बोटं कापायची, रात्री ती खोबरेल चोळत बसायची. विहारात मात्र पुन्हा जाऊ लागली, आणि चौथ्या शीलाला तिचा आवाज सगळ्यांत वर असायचा. विहारातल्या बायका दचकायच्या.

चाचीकडे कोर्ट पुन्हा भरलं, चाचीच्या अटीवर, लाटण्याशिवाय. आम्ही जात नव्हतो. काका जिन्यात भेटले की तोंड फिरवायचे. त्यांची सून मला त्यांच्या माठातलं पाणी द्यायची तेव्हा पेला वेगळा ठेवायची. त्याला कारण जेल होतं की आणखी जुनं काही, ते मी विचारलं नाही, मला माहीत होतं. मालिका संपली त्या रविवारी चाची आमच्याकडे आली आणि सांगू लागली. मास्तर तुरुंगातच मेला, नाव न घेता. आणि काका म्हणे रडले, रुमाल काढून रडले. "याला म्हणतात माणूस," म्हणाले. मी उठले, बाहेर गेले आणि त्यांच्या दारातली रांगोळी पायानं पुसून टाकली. मुद्दाम, नीट, कोपऱ्यांसकट. आजही त्याचं मला वाईट वाटत नाही.

बाबा सुटून आले तेव्हा मी कॉलेजात होते. केस पांढरे झाले होते, जेवताना ताट छातीशी ओढून घ्यायचे. एका रविवारी आई आत भाकऱ्या थापत होती, बाहेर बाबा जेवायला बसले होते, मी वाढत होते. सगळी दारं उघडी होती आणि समोर चाचीचा टीव्ही चालला होता. बाबा तिकडे बघून सहज म्हणाले, "आत पण टीव्ही होता गं. रविवारी बघायला सोडायचे. ती बराकीची मालिका."

माझ्या हातातलं कालवण तसंच राहिलं. "मास्तरची?"

"हां, तीच. आतली पोरं काय शिव्या घालायची त्याला! म्हणायची, येडझवा आहे. शेवटी तर बायको एवढी जीव तोडून सांगतेय, नाव घ्या, आणि हा गप."

"आणि तुम्ही?"

बाबा भाकरीचा तुकडा मोडत राहिले. "मीपण घालायचो."

मी विचारलं, "म्हणजे त्या शनिवारी आई ओरडत होती, ते तुम्हाला ऐकू आलं होतं."

त्यांनी ताट आणखी छातीशी ओढलं. मग ताटाशीच बोलल्यासारखे पुटपुटले, "आलं होतं."

आतला भाकरी थापल्याचा आवाज थांबला. आई दारात आली. हात पिठानं भरलेले, चेहरा आचेनं लाल झालेला.

"काय म्हणालात?" तिनं विचारलं. "मोठ्यानं बोला. मला ऐकू नाही आलं."

बाबांनी उघड्या दाराकडे बघितलं, मग आईकडे. ती हलली नाही.

"आलं होतं!" बाबा ओरडले, जाळीतून ओरडावं तसे. "ऐकू आलं होतं मला!"

समोर चाचीनं टीव्हीचा आवाज बंद केला. आई आत गेली आणि तव्यावरची भाकरी उलटली.